सहाव्या पावलाची खूण

टाल्लिन, १८ जून १९६७

एहा,

हे पत्र टपालपेटीत टाकत नाहीये. एल्मारच्या हातात देतेय, तो दुपारची हाप्सालूची बस घेऊन निघतोय. त्याला बेकरीतला एक गरम पाव दे, नाहीतर पुढच्या खेपेला तोंड वाकडं करील. आणि वाचून झालं की हे चुलीत घाल.

बातमी ऐक. ९ जुलैला इथे निवड आहे. ऑगस्टमध्ये संघ स्टॉकहोमला जाणार. लांब उडीत जागा एकच आणि तिच्यावर डोळा आम्हा दोघींचा, माझा आणि माइमूचा. माझी आतापर्यंतची उडी सहा मीटर एक्केचाळीस, तिची सहा चोवीस. म्हणजे मी एकदा धड पळाले, पांढरा झेंडा वर गेला, की मी बोटीवर. शंभर मीटरलाही माझं नाव घालतायत, पण ते आपलं तोंडी लावायला. खरी जागा उडीची.

स्टॉकहोम म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दर वेळी फॉर्मवर मी लिहिते, 'वडील : युद्धात बेपत्ता'. आमचे बेपत्ता वडील दर वर्षी तिथून 'ऑगस्टकाका' नावाने कार्ड पाठवतात! मेमध्ये आलेल्या कार्डात लिहिलंय, इथल्या मैदानाचं कुंपण बुटकं आहे, मी तिथे टोपी हातात घेऊन उभा असतो. त्यांना आमच्या संघाचं कुणी सांगितलं देव जाणे, एखादा खलाशी बोलला असेल. रशियन आले म्हणून ते होडीत बसून स्वीडनला गेले तेव्हा मी आठ महिन्यांची होते, एहा. मला त्यांचा आवाजही माहीत नाही.

आता तुझं काम. माझी धाव एकोणीस पावलांची. सहाव्या पावलाला आपली ती खुंटी, लाल लोकर गुंडाळलेली. सहावं पाऊल खुंटीशी पडलं तर एकोणिसावं बरोबर फळीवर पडतं. पुढे गेलं की फळी ओलांडली, लाल झेंडा, उडी बाद. पळताना स्वतःचं पाऊल दिसत नाही, ते दुसऱ्यानेच बघायचं. कुरणात तू पालथी पडून बघायचीस आणि ओरडायचीस, "दोन बोटं पुढे!" तस्संच करायचंय. मदतनीस म्हणून तुझं कार्ड काढून ठेवलंय. उड्या चालू असताना कोचना मैदानात सोडत नाहीत, हिल्लार समोर प्रेक्षकांत बसतील. ते म्हणाले, "मी वरून हात करीन." मी म्हटलं, करा, पण मी बघणार एहाकडे. "मग मला कशाला ठेवलंयस?" म्हणाले आणि हसले.

माझ्या निळ्या जाकिटाचं अस्तर फाटलंय, तेही एल्मारबरोबर पाठवलंय. मावशीला सांग, तिच्यासारखी शिवण अख्ख्या टाल्लिनमध्ये कुणाची नाही. येताना घेऊन ये. बाकीचं भेटीत सांगते, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

तुझी
उर्वे


हाप्सालू, १३ जुलै १९६७

उर्वे,

चार दिवस झाले, लिहायला बसते आणि उठते. तू मला बसस्टँडवर सोडायला आलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं.

तीन उड्या, तिन्ही बाद. असं कुणाचंही होतं गं. वारा पाठीमागून होता, माती कोरडी होती, तुला रात्रभर झोप नव्हती. माइमू सहा अठरावर गेली आणि तीच जाणार हे ऐकून आई म्हणाली, "त्या पोरीला समुद्र लागेल, बघच." आई तुझ्यासाठी पालकाची पोळी करून वाट बघत होती. मी एकटीच आले. आईने दोन पोळ्या झाकून ठेवल्या आणि ती बागेत गेली.

तू इकडे ये. सुट्टी घे. समुद्रावर जाऊ, मासे भाजू. उडी काय, पुढच्या वर्षीही आहे. माणसाने जे झालं ते झालं म्हणावं.

एहा


टाल्लिन, १७ जुलै १९६७

एहा,

जे झालं ते झालं? ते झालं नाही, केलं गेलं. आठ दिवस डोकं भणभणत होतं, आता लख्ख कळलंय.

नीट वाच. पहिल्या उडीनंतर मी तुझ्याकडे पाहिलं, तू म्हणालीस, "पाऊल बरोबर खुणेवर." तरी फळीच्या पलीकडे चार बोटं. दुसऱ्या वेळी पुन्हा "बरोबर." पुन्हा लाल झेंडा. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "चार बोटं मागे पडतंय, पुढे घे." मी पुढे घेतलं आणि अख्खा पंजा फळी ओलांडून गेला! आता तूच सांग, पाऊल खुणेवर आणि तरी उडी बाद, म्हणजे चूक कुठे? खुणेत! आणि त्या दिवशी सकाळी टेप घेऊन खूण कुणी लावली? हिल्लारने. मी तेव्हा कपडे बदलत होते. वर पुन्हा प्रेक्षकांतून सारखा हात करत होता, मागे घे, मागे घे, म्हणजे मी गोंधळून जावं. माइमू कुणाची? त्याचीच शिष्या. तिचा बाप कुठल्या कचेरीत बसतो तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आठ वर्षं त्या माणसाला मी बापाच्या जागी मानलं. पावसात माझे खिळ्यांचे बूट स्वतःच्या कोटाखाली धरून उभा राहायचा. आणि असा गळा कापला! एहा, मला रडूसुद्धा येत नाही, नुसती तिडीक जाते डोक्यात. तिकडे ते टोपी घेऊन कुंपणाशी उभे राहणार आणि वाळूत माइमू उडी मारणार.

मी समितीकडे तक्रार लिहिली आहे. सोबत जोडली आहे. पाऊल तीनही वेळा खुणेवर किंवा खुणेमागे होतं, हे पाहणारी साक्षीदार तू एकटी. खाली सही कर आणि एल्मारबरोबर पाठव. आणखी एक, माझा जन्मदाखला कुठेच सापडत नाहीये. तुमच्याकडे राहिलाय का बघ.

उर्वे


हाप्सालू, २९ जुलै १९६७

उर्वे,

सही केली आहे. कागद सोबत आहे.

आईला बरं नाही, थोडा खोकला. दाखला इथे मला दिसला नाही. बेकरीत रात्रपाळी लागली आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

एहा


टाल्लिन, ७ मार्च १९७१

एहा,

मावशीला वाढदिवसाची लोकर पाठवते आहे, राखाडी, तिला आवडते तशी. तुला काही नाही. चार महिने पत्र नाही तर भेट कसली?

मी अजून पळते आहे. काल हॉलमध्ये साठ मीटर जिंकले. पेपरात आलं, 'अनुभवी उर्वे साराप्पू'. सत्तावीस वर्षांची झाले नाही तोच अनुभवी! रिलेत तिसरा टप्पा माझा. वळणावर मला कुणी गाठत नाही. दर वर्षी माझं नाव बाहेरच्या दौऱ्यासाठी जातं आणि दर वर्षी गुपचूप खोडलं जातं. तक्रारखोर बाई कुणाला हवी असते? उडी मात्र त्या दिवसानंतर एकदाही मारली नाही. वाळू दिसली की मी वळून दुसऱ्या बाजूने जाते. ते निळं जाकीटही ट्रंकेच्या तळाशी टाकलंय, अंगात घालवत नाही.

परवा एका शाळेच्या आवारात हिल्लार दिसला. बॉयलरमध्ये कोळसा टाकतो आता. म्हातारा झालाय. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "उर्वे, घोट्याचं दुखणं कसं आहे?" मी त्याच्या अंगावरून सरळ निघून गेले. चार पावलं गेल्यावर वाटलं, मागे फिरून थुंकावं. तेवढं केलं नाही.

आता मूळ गोष्ट. 'ऑगस्टकाका' गेले. जानेवारीत. कुणा अनोळखी बाईने कार्ड पाठवलं, तीन ओळी. शेवटची ओळ अशी, '६७च्या ऑगस्टमध्ये ते दोन्ही दिवस मैदानावर गेले होते, शेवटची उडी होईपर्यंत थांबले.'

त्या माणसाला मी मरेपर्यंत माफ करणार नाही, एहा. हिल्लारला.

उर्वे


हाप्सालू, २ एप्रिल १९७१

उर्वे,

तुझं पत्र वाचून मी भट्टीपाशी बसून राहिले, दोन तवे करपले. आईने मेणबत्ती लावली. तिने तुझ्या वडिलांना शेवटचं होडीत चढताना पाहिलं होतं, कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून तिनेच गाठोडं वर दिलं होतं.

म्हाताऱ्या माणसावर एवढा राग धरू नकोस. चार वर्षं झाली. त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला काय ठाऊक? कधीतरी बोल त्याच्याशी. नाही बोललीस तर निदान थुंकू तरी नकोस.

लोकर सुरेख आहे. आई मोजे विणते आहे, एक जोडी तुझी.

एहा


विल्यांदी, २२ ऑक्टोबर १९८९

एहा,

आता पत्रं कुणी फोडत नाही म्हणतात. फोडली तरी फोडोत. या पत्रात लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे आहे.

हिल्लार गेला सप्टेंबरात. मी मातीला गेले नाही. बावीस वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते, मग मातीला कशाला जायचं? गेल्या रविवारी त्याची मुलगी रेट माझ्या दारात उभी. मी शाळेतल्या मुलींना रिलेचा दांडा देणं-घेणं शिकवत होते, घामाघूम. तिने एक वही पुढे केली. म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, मी गेल्यावर उर्वेला दे. आधी नको."

त्याच्या सरावाच्या वह्या तुला आठवतात? बारीक अक्षर, पेन्सिल. १९६७ची वही. ९ जुलैचं पान मी तुला जसंच्या तसं उतरवून पाठवते.

'उर्वे. पहिली उडी. सहावं पाऊल खुणेच्या बारा सेंटिमीटर पुढे. मदतनीस मान हलवते, बरोबर. उडी बाद. मी हात केला, मागे घे. बघत नाही.

दुसरी. चौदा पुढे. मदतनीस पुन्हा, बरोबर. बाद.

तिसरी. मदतनीस सांगते, पुढे घे. पाऊल वीस पुढे. बाद. मदतनिसाला दिसत नाही असं नाही. ती रडते आहे.'

आणि १४ सप्टेंबरच्या पानावर : 'समितीने बोलावलं. मी सांगितलं, खूण मी लावली, मोजताना चूक झाली असेल. त्या मुलीला घरात दोनच माणसं आहेत. त्यातलं एक मी कसं काढून घेऊ?'

एहा, मी हे पान अकरा वेळा वाचलं. त्या माणसाने स्वतःची नोकरी दिली, नाव दिलं, बावीस वर्षं कोळसा ओढला आणि माझ्यासाठी तुला वाचवलं. मी त्याच्यावर थुंकणार होते. तू मला लिहिलंस, "निदान थुंकू तरी नकोस"! हे तुला लिहवलं तरी कसं?

मला एकच गोष्ट सांग. वारा, माती, झोप हे काही नको. तुला माझं पाऊल दिसलं होतं का?

उर्वे


हाप्सालू, ५ नोव्हेंबर १९८९

उर्वे,

दिसलं होतं. तीनही वेळा.

बावीस वर्षं या प्रश्नाची वाट बघितली, आणि आला तेव्हा पत्र गादीखाली सरकवलं. आता सांगते, मध्ये थांबू नकोस.

आदल्या दिवशी दुपारी तुझ्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात आपण बटाटे सोलत होतो. तू म्हणालीस, "एहा, मी स्टॉकहोमहून परत यायची नाही." मीठ दे म्हणावं तसं म्हणालीस. तोंड नुसतं फुललं होतं तुझं. आणि म्हणालीस, "मावशीला सांगू नकोस, ती घाबरेल." मी घाबरेन असं तुला वाटलंच नाही.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये रशियन शिपायांनी आईला नेलं तेव्हा मी सात वर्षांची होते. कांजिण्या आल्या म्हणून तुमच्याकडे झोपले होते, म्हणून राहिले. परत आले तर घराला कुलूप आणि गाय हंबरत होती. आई सात वर्षांनी सायबेरियातून आली. स्टेशनवर मी तिला "तुम्ही" म्हणाले, उर्वे. स्वतःच्या आईला. तू पळून गेली असतीस तर दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले असते. तुझी आई गेल्यापासून तू आमच्याच घरची. पळालेल्या मुलीचं घर, आणि त्यात तिकडे एकदा जाऊन आलेली बाई. मला तिला पुन्हा गाडीत चढवायची नव्हती.

पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं, "बरोबर". मलाच कळलं नाही. दुसऱ्या वेळी कळत होतं. तिसऱ्या वेळी मी ठरवून बोलले. तू माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होतीस की वाटलं आता सांगून टाकावं, आणि तेवढ्यात तुझं नाव पुकारलं.

आणि सही. सही केली नसती तर तू विचारलं असतंस, मग उड्या बाद का झाल्या? त्याला उत्तर एकच होतं. मी भित्री आहे, दुष्ट नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आता तेही सांगवत नाही.

पण तूही जाणारच होतीस ना गं? आम्हाला मागे टाकून, एका वाक्यात. मी तुझा विश्वासघात केला, खरं आहे. तू आमचा करायच्या आधी केला.

आईला यातलं काही माहीत नाही. ती चौऱ्याहत्तरची आहे. हात जोडते, तिला कळू देऊ नकोस. नाताळला ये. रक्ताचे सॉसेज करीन, तुला लागतात तसे करपलेले.

एहा


विल्यांदी, १२ नोव्हेंबर १९८९

एहा,

"जाऊ नकोस" एवढं म्हणायचं होतंस. दोन शब्द. बटाटे सोलताना म्हणायचं होतंस, सुरी माझ्यावर उगारून म्हणायचं होतंस. मी भांडले असते, रडले असते, कदाचित गेलेही असते. पण निर्णय माझा असता. तिकडे राहिले नसते तर मग मी त्या वाळूत सहा मीटर चाळीस मारून परत घरी आले असते. दोन दिवस वडिलांना कुंपणापलीकडून पाहून. ते तू मला विचारलंच नाहीस.

आणि भीतीपोटी एकदा खोटं बोललीस, ते मी समजू शकते. मी तुला त्या कोपऱ्यात ढकललं, कबूल. पण सही थंड डोक्याने केलीस. बारा दिवस घेतलेस.

जुन्या क्लबच्या भिंतीवर कोचांची नावं लावणार आहेत. पुरे एकतीस. हिल्लारचं नाव नाही. मी विचारलं तर कारकून म्हणाला, फाईलमध्ये तक्रार आहे, साक्षीदाराची सही आहे. तो आपला कागद.

सोबत नवा कागद आहे. मी जे केलं ते मी लिहिलंय, का जाणार होते तेही. तुझी बाजू इतकीच : 'पाऊल तीनही वेळा खुणेच्या पुढे होतं. मी खोटं सांगितलं. हिल्लार वेस्किमेट्स यांनी खूण बरोबर लावली होती.' सही कर. त्या वेळी खोट्याखाली केलीस, या वेळी खऱ्याखाली कर.

उर्वे


हाप्सालू, २४ नोव्हेंबर १९८९

उर्वे बाळ,

हे मी लिहिते आहे, साल्मे मावशी. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

पाकीट एहाच्या नावाचं होतं, पण जाड होतं. मी तिकडे सात वर्षं काढून आले आहे, जाड पाकिटं मी उघडून बघते. एहा बेकरीत होती. तुझा कागद वाचला. मग तिच्या गादीखालचं तुझं आधीचं पत्र काढलं, तेही वाचलं. या घरात लपवायची जागा मी तिच्या आधी शोधून ठेवलेली आहे. बाकीचं एहा घरी आल्यावर तिच्याकडून वदवून घेतलं.

तुम्हा दोघींची कमाल आहे. एकीने ठरवलं, मावशीला सांगू नको, ती घाबरेल. दुसरीने ठरवलं, आईला वाचवते. मला कुणी विचारलं? मी काय लोणच्याची बरणी आहे, या फडताळातून त्या फडताळात ठेवायला?

मला माहीत होतं, उर्वे. जाकीट शिवायला पाठवलंस त्याच्या खिशात तुझा जन्मदाखला राहिला होता. चार दिवसांच्या उड्यांसाठी कुणी जन्मदाखला नेतं का? मी खुर्चीवर बसले आणि समजून चुकले. अर्धा दिवस भ्याले. मग चहा केला आणि अस्तर शिवायला घेतलं. दाखला आत शिवला, तपासणीत खिसे उलटे करतात, अस्तर उसवत नाहीत. आणखीही थोडं काही घातलं. तू जाशील, तिकडे कधीतरी उसवशील, असं वाटलं होतं. तू गेली नाहीस. मी म्हटलं, नशिबात नव्हतं, आता पोरीला आठवण देऊन कशाला खपली काढा. माझंही चुकलंच.

जाकीट अजून असेल तर उसवून बघ. डावीकडची शिवण, आखूड टाके.

एहाने सही केली आहे. मी शेजारी बसून होते. रडली, पण नाव नीट लिहिलं. कागद सोबत आहे.

साल्मे


विल्यांदी, ३ डिसेंबर १९८९

एहा,

कागद पोचला. काल क्लबला दिला. हिल्लारचं नाव बत्तिसावं लागेल. रेटला कळवलंय. तिथून मी त्याच्या कबरीवर गेले. बर्फ होता, कुणाचीच पावलं नव्हती. मी टोपी काढली आणि त्याला सांगितलं, "घोट्याचं दुखणं अजून आहे." 

ट्रंकेतून जाकीट काढलं. डावीकडची शिवण, आखूड टाके. आत जन्मदाखला होता, आईचा लग्नातला फोटो होता, वडिलांचा स्टॉकहोमचा पत्ता होता. आणि मावशीच्या अक्षरात एक चिठ्ठी.

निवडीच्या दिवशी ते जाकीट तूच घेऊन आली होतीस. बसमध्ये दोन तास तुझ्या मांडीवर होतं. मी उड्या मारत होते तेव्हा तुझ्या हातावर होतं. खोटं बोललीस तेव्हाही तू ते धरून उभी होतीस.

दाखला, फोटो आणि पत्ता मी ठेवून घेतलाय. चिठ्ठी तुला पाठवते आहे. ती माझ्या नावाची आहे, पण तू वाच. चारच शब्द आहेत :

'जा. मी भीत नाही.'

नाताळला मी येणार नाही. मावशीला भेटायला मंगळवारी येईन, सकाळच्या बसने. तू तेव्हा बेकरीत असतेस.

उर्वे